गाठ काढली, मग औषध कशाला? एका प्रश्नाचा सव्वाशे वर्षांचा इतिहास

स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया नीट पार पडते, टाके निघतात, पॅथॉलॉजीचा रिपोर्ट हातात येतो. घरचे सुटकेचा श्वास सोडतात आणि त्याच वेळी डॉक्टर म्हणतात, "आता केमो घ्यावी लागेल," किंवा "पाच वर्षं गोळी घ्यायची आहे." मग घरोघरी एकच प्रश्न निघतो: डॉक्टर, गाठ तर सगळी काढली ना? मग औषध कशासाठी?

प्रश्न अगदी रास्त आहे. वैद्यकशास्त्रालाही त्याचं उत्तर मिळायला पाऊणशे वर्षं लागली. ते उत्तर कसं मिळालं हे कळलं, तर तुमचा स्वतःचा निर्णय थोडा सोपा होईल. म्हणून आज औषधांची यादी न देता त्यांची गोष्ट सांगतो.

"जास्त कापलं की जास्त बरं"

1894 साली अमेरिकेतल्या बाल्टिमोरचे सर्जन विल्यम हॉल्स्टेड यांनी आपल्या 50 रुग्णांचे निकाल प्रसिद्ध केले. ते संपूर्ण स्तन, त्याखालचे छातीचे स्नायू आणि काखेतल्या ग्रंथी असं सगळं एकत्र काढत. त्यांच्या मते कर्करोग पाण्यात पडलेल्या तेलाच्या डागासारखा कडेकडेने पसरत जातो. म्हणजे डागाच्या पुरेसं बाहेरून कापलं की काम झालं. ही पद्धत जगभर सुमारे पाऊणशे वर्षं चालली. जिथे शस्त्रक्रिया झाली तिथे रोग कमी वेळा परत येऊ लागला, हे खरं. तरीही अनेक बायकांना काही वर्षांनी हाडात, फुप्फुसात किंवा यकृतात रोग दिसे. शस्त्रक्रियेची जागा मात्र स्वच्छ असे.

पिट्सबर्गचे सर्जन बर्नार्ड फिशर यांना यातून वेगळाच अर्थ दिसला. गाठ हाताला लागण्याच्या आधीच काही पेशी रक्तातून दूर गेलेल्या असू शकतात, असं त्यांचं म्हणणं होतं. तसं असेल तर छातीवर कितीही मोठी शस्त्रक्रिया केली तरी त्या पेशींपर्यंत सुरी पोहोचणार नाही. 1971 साली त्यांनी मोठी चाचणी सुरू केली. काही बायकांवर हॉल्स्टेडची शस्त्रक्रिया केली, काहींवर त्याहून लहान. 25 वर्षं पाठपुरावा करूनही जगण्याच्या प्रमाणात फरक दिसला नाही.

तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथे आहे. सर्जनने दिसणारी गाठ काढली. औषध आहे ते न दिसणाऱ्या पेशींसाठी. त्या पेशी इतक्या थोड्या असतात की सोनोग्राफी, सीटी स्कॅन किंवा पेट स्कॅन यांत कशातच दिसत नाहीत. "स्कॅन तर नॉर्मल आहे, मग केमो का?" याचंही उत्तर तेच.

मिलानचे आकडे

उरलेलं अर्धं उत्तर इटलीतून आलं. मिलानच्या कर्करोग संस्थेत जियानी बोनाडोना यांनी 1973 मध्ये एक चाचणी सुरू केली. काखेतल्या ग्रंथींमध्ये रोग पोहोचलेल्या बायका त्यांनी निवडल्या. 179 जणींवर फक्त शस्त्रक्रिया झाली. 207 जणींना शस्त्रक्रियेनंतर तीन औषधांची एकत्र केमो मिळाली. 1976 मध्ये निकाल आला: 27 महिन्यांत पहिल्या गटात 24 टक्के बायकांमध्ये रोग परतला होता, केमो घेतलेल्यांमध्ये फक्त 5 टक्क्यांच्या आसपास.

पुढच्या वर्षांत दोन्ही आकडे वाढले, कारण काहींमध्ये रोग उशिरा परतला. पण 20 वर्षांनंतरही केमो घेतलेला गट पुढेच होता. शस्त्रक्रियेनंतर औषध देण्याची आजची सगळी पद्धत या पायावर उभी आहे.

आता हेच आकडे उलटे वाचा. केमो न घेतलेल्या 100 पैकी 76 जणी त्या वेळी रोगमुक्तच होत्या. केमो घेऊनही 5 जणींमध्ये रोग परतला. म्हणजे औषध घेणाऱ्या बायकांचे तीन गट पडतात. पहिल्या गटातल्या शस्त्रक्रियेनेच बऱ्या झालेल्या असतात, औषध नसतं तरी चाललं असतं. दुसऱ्या गटातल्या औषधामुळे वाचतात. तिसऱ्या गटात औषध घेऊनही रोग परततो. तुम्ही नेमक्या कोणत्या गटात आहात, हे आज कोणीच खात्रीने सांगू शकत नाही. आम्ही सांगतो ती शक्यता. गेल्या 50 वर्षांतलं बरंचसं संशोधन पहिल्या गटातल्या बायका आधीच ओळखून त्यांची केमो वाचवण्यासाठी चाललं आहे.

गर्भनिरोधक म्हणून बनलेली गोळी

ग्लासगोचे जॉर्ज बीटसन यांनी 1896 मध्ये दाखवलं की अंडाशय काढल्यावर काही बायकांमधला पसरलेला स्तनाचा कर्करोग आटतो. हार्मोन म्हणजे काय हे तेव्हा नीट माहीतही नव्हतं. 1962 साली इंग्लंडमधल्या एका कंपनीच्या प्रयोगशाळेत डोरा रिचर्डसन यांनी एक रेणू तयार केला. हेतू होता गर्भनिरोधक गोळीचा. तो साधला नाही, पण तोच रेणू टॅमॉक्सिफेन म्हणून स्तनाच्या कर्करोगाचं औषध ठरला.

तुमच्या रिपोर्टवर 'ईआर' पॉझिटिव्ह असेल, तर त्या पेशी इस्ट्रोजेन या हार्मोनवर वाढतात. टॅमॉक्सिफेन त्या पेशींचं दार अडवतं. अशा रोगात पाच वर्षं गोळी घेतल्याने मृत्यूचा धोका साधारण एक तृतीयांशाने कमी होतो, हे जगभरच्या चाचण्या एकत्र करून सिद्ध झालं आहे. गोळी स्वस्त आहे, म्हणून ती 'साधी' समजून मधेच सोडली जाते. तसं करू नका. अंगातून गरम वाफा येत असतील, पाळीच्या वयानंतर रक्तस्राव झाला किंवा पाय सुजून दुखू लागला, तर डॉक्टरांना सांगा. गोळी चालू असताना गर्भ राहू देऊ नये, हेही लक्षात ठेवा.

नंदुरबारचे वाणी

केमोच्या यादीत तुम्हाला बहुधा पॅक्लिटॅक्सेल हे नाव दिसेल. त्यामागे आपला एक माणूस आहे. मनसुख वाणी यांचा जन्म 1925 साली नंदुरबारचा. मुंबई विद्यापीठातून त्यांनी रसायनशास्त्राची पदवी आणि पदव्युत्तर पदवी घेतली, मग अमेरिकेत पीएचडी केली. 1962 मध्ये ते नॉर्थ कॅरोलायनातल्या एका संशोधन संस्थेत मन्रो वॉल यांच्याबरोबर काम करू लागले.

त्याच वर्षी अमेरिकन सरकारच्या एका वनस्पतितज्ज्ञाने वॉशिंग्टन राज्यातल्या जंगलातून पॅसिफिक यू नावाच्या झाडाची साल गोळा केली. सालीच्या अर्कात कर्करोगाच्या पेशी मारणारं काहीतरी होतं. ते नेमकं काय, हे शोधायला वॉल आणि वाणी यांना अनेक वर्षं लागली. 1971 मध्ये त्यांनी त्या रेणूची रचना प्रसिद्ध केली. पुढे 1979 मध्ये न्यूयॉर्कच्या सुझन हॉर्विट्झ यांनी तो पेशीचं विभाजन कसं अडकवतो हे दाखवलं, आणि 1990च्या दशकात तो औषध म्हणून रुग्णांपर्यंत पोहोचला. शस्त्रक्रियेनंतर तो दिल्याने फायदा वाढतो, हे तीन हजारांहून जास्त बायकांच्या चाचणीत दिसलं. वाणी 2020 मध्ये 95 व्या वर्षी वारले.

याच झाडाचा भाऊबंद हिमालयात वाढतो, त्याला तिथे थुनेर म्हणतात. कोणी त्याच्या सालीचा किंवा पानांचा काढा सुचवला तर घेऊ नका. हे झाड विषारी आहे. शुद्ध केलेलं, मोजून दिलेलं औषध वेगळं आणि काढा वेगळा.

हर-टू आणि पैशाचा प्रश्न

1987 मध्ये डेनिस स्लेमन यांनी दाखवलं की काही गाठींमध्ये हर-टू हे जनुक जास्त प्रमाणात असतं आणि तो रोग जास्त आक्रमक असतो. त्यावरचं ट्रास्टुझुमॅब 1998 मध्ये अमेरिकेत मंजूर झालं. 2005 मध्ये दिसलं की शस्त्रक्रियेनंतर केमोच्या जोडीला ते दिल्यास रोग परतण्याचं प्रमाण जवळजवळ निम्म्यावर येतं. पण किंमत अशी होती की मुलुंड-घाटकोपरच्या मध्यमवर्गीय घराला फ्लॅट विकायचा विचार करावा लागे. 2014 मध्ये भारतीय कंपनीचं तसंच औषध बाजारात आलं, मग इतरांचीही आली आणि दर उतरले. खर्चाचं डॉक्टरांशी मोकळेपणाने बोला. महात्मा ज्योतिराव फुले जनआरोग्य योजनेत तुमचे उपचार बसतात का, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा.

परळमधून आलेली उत्तरं

28 फेब्रुवारी 1941 रोजी परळला टाटा स्मारक रुग्णालय सुरू झालं. आज तिथूनही जगाला उत्तरं मिळतात. डॉ. राजेंद्र बडवे आणि सहकाऱ्यांनी 1600 बायकांच्या चाचणीत शस्त्रक्रियेच्या थोडं आधी गाठीभोवती भूल देण्याचं साधं, स्वस्त औषध टोचलं. पाच वर्षांनी इंजेक्शन मिळालेल्या गटात 90.1 टक्के बायका हयात होत्या, न मिळालेल्या गटात 86.4 टक्के. हे निकाल 2023 मध्ये छापून आले.

दुसरीकडे केमो कमी करण्याचंही काम झालं. 2018 मध्ये दहा हजारांहून जास्त बायकांच्या अमेरिकी चाचणीत असं दिसलं की ईआर पॉझिटिव्ह, हर-टू निगेटिव्ह आणि काखेत रोग नसलेल्या अनेक जणींची गाठीच्या जनुकांची तपासणी केली, तर त्यांना फक्त हार्मोनची गोळी पुरते. पन्नाशीच्या आतल्या काहींना मात्र केमोचा थोडा फायदा होतो.

तुमचा हिशोब

आता एक उदाहरण. औषधाने धोका 'एक तृतीयांशाने' कमी होतो असं धरू. रोग परतण्याची शक्यता 100 पैकी 45 असेल, तर ती 30 होते: 15 जणींचा फायदा. शक्यता 6 असेल तर ती 4 होते: फायदा दोघींचा. औषध तेच, टक्का तोच, पण निर्णय वेगळा असू शकतो. म्हणून शेजारच्या काकूंनी घेतली म्हणून घेऊ नका आणि त्यांनी घेतली नाही म्हणून टाळूही नका.

बोरिवलीहून निघा किंवा मुलुंडहून, ओपीडीत जाण्याआधी हे प्रश्न कागदावर लिहून न्या:

1. माझी गाठ किती मोठी होती, काखेतल्या किती ग्रंथींत रोग होता?
2. ईआर, पीआर आणि हर-टू काय आले?
3. औषध न घेतल्यास माझ्यासारख्या 100 जणींपैकी कितींमध्ये रोग परततो? घेतल्यास किती?
4. त्रास कोणते, त्यातले कायमचे राहू शकणारे कोणते?
5. जनुकांच्या तपासणीने माझा निर्णय बदलेल का?
6. अजून मूल हवं असेल तर काय करावं?

विचार करायला काही दिवस घ्या, दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यायलाही हरकत नाही. पण महिने घालवू नका. केमो द्यायची असेल तर ती साधारण शस्त्रक्रियेनंतर चार ते सहा आठवड्यांत सुरू होते, आणि तीन महिन्यांपलीकडे उशीर झाल्यास फायदा घटतो. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर आकड्यांत मिळेपर्यंत विचारत राहा. तो आकडा ऐकून घेण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे, आणि तो ऐकल्यावर घेतलेला निर्णय, हो असो की नाही, तुमचा स्वतःचा असेल.