बालेवाडीतला तो 10-6

आजचा एपिसोड एका स्कोअरवरून सुचलाय. 6-7, 6-3, 10-6. फेब्रुवारी 2022, पुण्यातलं बालेवाडी, महाराष्ट्र ओपनची पुरुष दुहेरीची फायनल. रोहन बोपण्णा आणि रामकुमार रामनाथन यांनी ऑस्ट्रेलियाच्या ल्यूक सॅव्हिल आणि जॉन-पॅट्रिक स्मिथला हरवलं. पण मी अडकलो त्या 10-6 वर. हा कुठला सेट?

तर हा सुपर टायब्रेक. तिसरा सेट खेळायचाच नाही. दोनच्या फरकाने आधी 10 पॉइंट करेल ती जोडी जिंकली. शिवाय गेममध्ये 40-40 झालं की पुढचा पॉइंट निर्णायक.

यामागे एक भांडण आहे. 2005 मध्ये एटीपीने ठरवलं, डबल्सचे सेट पाच गेमचे करायचे आणि पुढे सिंगल्सवाल्यांनाच प्राधान्य द्यायचं. म्हणजे ज्यांचं पोट फक्त डबल्सवर, त्यांनी घरी बसायचं! ब्रायन बंधूंसह 45 खेळाडू कोर्टात गेले. टेनिसच्या नाही, अमेरिकेतल्या न्यायाच्या. शेवटी तडजोड झाली. सेट सहा गेमचाच राहिला, डबल्सवाल्यांचं दार उघडं राहिलं. बदल्यात 2006 पासून हे झटपट नियम आले.

बालेवाडीत जिंकला तेव्हा बोपण्णा 41 वर्षांचा होता. जानेवारी 2024 मध्ये, 43 व्या वर्षी, तो मॅथ्यू एब्डनसोबत ऑस्ट्रेलियन ओपन जिंकला आणि डबल्समध्ये जगात नंबर वन झाला.

आधी मला सुपर टायब्रेक म्हणजे नुसती घाई वाटायची. आता वाटतं, ते दार उघडं ठेवायची ती किंमत होती. तुम्हाला काय वाटतं? नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात!