जुन्या वळणाची मोटार

एखादी मोटार जुनी झाली असें आपण म्हणतों, तेव्हां नेमकें काय जुनें झालेलें असतें? तिचें यंत्र, तिचा पत्रा, कीं पाहणाऱ्याची नजर? मालवणच्या किनाऱ्यावर आजहि कोठें कोठें माडांच्या सावलींत प्रीमियर पद्मिनी उभी दिसते. चतुर्थीला मुंबईहून आलेले पुतणे ती मोडींत घालण्याचा सल्ला देतात. मालक तो ऐकून घेतात आणि तीच गाडी घेऊन मासळी आणावयास निघतात.

ही गाडी जन्मतःच जुनी होती, हें प्रथम सांगितलें पाहिजे. शेठ वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यांत आरंभीं अमेरिकन मोटारी जोडल्या जात. पुढें इटलीच्या फियाट कंपनीशीं करार झाला, १९६४ पासून ‘फियाट ११०० डिलाइट’ निघूं लागली, आणि १९७४ च्या सुमारास तिचीच ‘प्रीमियर पद्मिनी’ झाली. नांव चितोडच्या राणीचें, देह मात्र तोच. तिचें इंजिन १०८९ घनसेंटिमीटरचें. त्याच मापाचें इंजिन फियाटनें १९३७ सालींच बाजारांत आणलें होतें. युरोपांत जें वळण १९७० पूर्वींच मागें पडलें, तें आपल्याकडे शतकाच्या अखेरपर्यंत टिकलें. त्याचें श्रेय इटालियन कारागिरीपेक्षां आपल्या परवाना-पद्धतीस अधिक द्यावें लागेल. परदेशी मोटारींना दार बंद, देशी कारखाने मोजके, किती गाड्या काढावयाच्या हें सरकार ठरविणार; गिऱ्हाईक पैसे भरून वर्षानुवर्षें वाट पाहत बसे. लग्नाच्या वेळीं नांव नोंदवावें आणि गाडी मुलाच्या मुंजीला यावी, असा तो काळ! डिसेंबर १९८३ मध्यें मारुति ८०० रस्त्यावर आली आणि कालपर्यंत प्रतिष्ठेची असलेली पद्मिनी एकाएकीं म्हातारी ठरली.

अशी गाडी चालविणें ही एक स्वतंत्र विद्याच आहे. बहुतेक पद्मिनींत गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या खालीं बसविलेला असे, आणि पुढची बैठक सलग बांकासारखी. पहिला गिअर गाडी थांबल्याखेरीज सुखासुखीं पडत नसे. चारहि चाकांना ड्रमचे ब्रेक, तेहि केवळ पायाच्या जोरावर लागणारे. म्हणून फोंड्याच्या किंवा आंबोलीच्या घाटांत जुने चालक एक नियम पाळीत, कीं ज्या गिअरमध्यें चढण चढावी त्याच गिअरमध्यें ती उतरावी. उन्हाळ्यांत माथ्यावर पोंचतां पोंचतां रेडिएटरचें पाणी उकळूं लागे, तेव्हां पाण्याचा डबा जवळ हवाच. किनाऱ्यावरील रस्त्यांना मात्र ती शोभून दिसते. देवबागेकडे किंवा आचऱ्याकडे, जांभ्याच्या दोन गडग्यांमधून जाणाऱ्या वाटेवर, दीड मीटरहून कमी रुंदीची गाडी हें वरदानच म्हणावयाचें. तिचा खरा वैरी खारा वारा. त्यांत चार महिन्यांचा पाऊस. दरवाजांच्या खालच्या कडा आणि तळाचा पत्रा आधीं झडतो. पण झडलेला पत्रा कापून नवा जोडतां येतो, कार्बोरेटर सोडवून पेट्रोलनें धुतां येतो, आणि हें काम गांवचा मिस्त्री हातोडीपान्यावर करतो.

आतां गाडीचें म्हातारपण ठरविण्याचा अधिकार कायद्याकडे गेला आहे. पण त्याचीं मापें तरी एक आहेत काय? मुंबईंत टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा घातली गेली. ताडदेवच्या कार्यालयांत २९ ऑक्टोबर २००३ रोजीं नोंदलेली शेवटची पद्मिनी टॅक्सी त्यामुळें ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस रस्त्यावरून गेली. ती कशी धांवते, हा प्रश्नच नव्हता. सिंधुदुर्गांतील एम.एच. ०७ क्रमांकाची खासगी गाडी मात्र १५ वर्षांनंतर तपासणींत उतरल्यास पुढें पांच पांच वर्षें चालवितां येते. तिच्यावर २०१० पासून राज्याचा पर्यावरण कर बसला. नोंदणीच्या नूतनीकरणाला पूर्वीं ६०० रुपये पडत. २०२२ सालीं त्याचे ५,००० झाले, आणि २०२५ सालीं वीस वर्षांवरील गाड्यांसाठीं १०,०००.

धुराचा आक्षेप खोटा नाहीं. कार्बोरेटरच्या गाडीचा धूर आजच्या गाडीहून अधिक घातक असतो, आणि धडक झाली तर ती आपल्याला फारसें वांचवीतहि नाहीं. शहरांत दिवसभर फिरणाऱ्या हजारों टॅक्सींना वयाची अट घालणें मला योग्यच वाटतें. परंतु आठवड्यांतून दोनदां मालवणच्या बाजाराला जाणारी गाडी त्याच तराजूंत कां तोलावी? तिचे ब्रेक, धूर आणि तळाचा पत्रा कसून तपासावा, नापास झाल्यास खुशाल मोडींत घालावी. उत्तीर्ण होणाऱ्या गाडीवर जन्मसालाकडे बोट दाखवून शुल्क चढवीत नेणें मात्र न्यायाचें वाटत नाहीं. ज्याला नवी गाडी परवडते, त्याला हें शुल्कहि जड नाहीं. जड आहे तें पेन्शनींत जुनी गाडी सांभाळणाऱ्याला.

पद्मिनी नांवाच्या पहिल्या गाड्यांनीं आतां पन्नाशी गाठली आहे, आणि त्यांच्यापुढें एक नवाच रस्ता फुटला आहे. केंद्र सरकारच्या २०२१ च्या नियमाप्रमाणें पन्नास वर्षांवरील, मूळ रूपांत राखलेल्या खासगी गाडीस ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवितां येतें. त्यासाठीं २०,००० रुपये शुल्क ठरलें, नोंदणी दहा वर्षांची, आणि क्रमांकांत ‘व्ही.ए.’ हीं अक्षरें. अशी गाडी प्रदर्शनाला न्यावी, मोटारींच्या मिरवणुकींत न्यावी, दुरुस्तीला न्यावी. रोजच्या कामाला ती काढतां येत नाहीं. ही नोंदणी सक्तीची नसल्यामुळें, मान घ्यावा कीं मासळी आणावी, हें अजून मालकाच्याच हातीं आहे.