जेट, सुई आणि मिस्त्री : जुन्या मोटरसायकलींच्या कार्बोरेटर-दुरुस्तीचा इतिहास

युरोपात मोटरसायकल जुनी ठरते ती तिच्या जागी नवे मॉडेल आले म्हणजे. भारतात मात्र १९५५ नंतरची जवळजवळ तीन दशके जुनेच मॉडेल नवे कोरे म्हणून कारखान्यातून बाहेर पडत राहिले, आणि त्यामुळे जी कारागिरी ब्रिटनमध्ये एव्हाना हौशी संग्राहकांच्या हाती गेली होती ती इकडे नाक्यावरच्या गॅरेजात रोजच्या मजुरीचे काम म्हणून टिकली. या टिकण्याचा सर्वांत स्पष्ट पुरावा कार्बोरेटरच्या दुरुस्तीत सापडतो. इंजिन एकदा नीट बांधले की अनेक वर्षे उघडावे लागत नाही, परंतु कार्बोरेटर हा टाकीतला गंज, रस्त्यावरची धूळ आणि पावसाचे पाणी या तिघांच्या वाटेवर बसलेला भाग असल्याने तो वरचेवर खोलावाच लागतो, आणि जे वरचेवर खोलावे लागते त्याचेच ज्ञान हातात मुरते.

पेट्रोल द्रवरूपात जळत नाही. त्याचे बारीक तुषार होऊन त्यांची वाफ हवेत मिसळली, आणि तीही वजनाने सुमारे पंधरा भाग हवेला एक भाग पेट्रोल या प्रमाणात मिसळली, तरच सिलिंडरमध्ये ठिणगीने भडका उडतो, आणि हे मिसळण्याचे काम कार्बोरेटरचे. कार्ल बेन्झच्या १८८६ च्या मोटारीत हवा पेट्रोलच्या पृष्ठभागावरून नेऊन तिला वाफेची जोड दिली जाई, परंतु ही पद्धत संथ आणि हवामानाच्या लहरीवर अवलंबून होती. १८९३ साली जर्मनीत विल्हेल्म मायबाख आणि हंगेरीत दोनात बांकी व यानोश चोंका यांनी एकमेकांपासून स्वतंत्रपणे फवाऱ्याचा मार्ग पुढे आणला. नळीची मान एका जागी अरुंद केली की तिच्यातून जाणाऱ्या हवेचा वेग वाढतो, वेग वाढला की दाब उतरतो, आणि उतरलेल्या दाबामुळे शेजारच्या बारीक छिद्रातून पेट्रोल आपोआप वर ओढले जाऊन हवेत उधळते. ढेकणांवर मारायच्या फ्लिटच्या पंपातही तत्त्व हेच होते. त्या बारीक छिद्राला जेट म्हणतात, आणि पुढची सव्वाशे वर्षे कार्बोरेटरचा सारा इतिहास हा त्या छिद्रातून किती पेट्रोल केव्हा सोडायचे या एकाच प्रश्नाभोवती फिरत राहिला.

भारतीय मिस्त्रीच्या हाती हा प्रश्न ज्या रूपात आला ते रूप बर्मिंगहॅमचे होते. अ‍ॅमॅक, ब्राउन अँड बार्लो आणि बिंक्स या तीन कार्बोरेटर-कंपन्या एकत्र येऊन १९२७ साली अ‍ॅमल ही कंपनी उभी राहिली, आणि पुढे ब्रिटिश मोटरसायकलींपैकी बहुतेकींवर तिचाच कार्बोरेटर बसू लागला. त्याची रचना समजून घेतल्याशिवाय दुरुस्तीचा इतिहास कळत नाही. मूठ पिळली की केबलला बांधलेला धातूचा दंडगोल वर उचलला जातो, त्याला स्लाइड म्हणतात. स्लाइडच्या पोटातून एक निमुळती सुई खाली लोंबते व जेटच्या तोंडात शिरते, त्यामुळे स्लाइड जितकी वर तितकी सुई बाहेर आणि तितके पेट्रोल अधिक. स्लाइडची हवेच्या बाजूची कड तिरपी कापलेली असते, आणि तो काप इंचाच्या सोळाव्या भागांत मोजून त्याचा आकडा स्लाइडवरच कोरलेला असतो. गाडी जागेवर उभी असताना, म्हणजे मिस्त्रीच्या भाषेत 'स्लो'वर असताना, मुख्य जेट जवळजवळ झोपलेला असतो आणि वेगळ्या बारीक पायलट जेटमधून पेट्रोल येते, ज्यात हवा किती मिसळायची हे बाजूचा हवेचा स्क्रू ठरवतो. या सर्वांना पेट्रोल पुरवणारी वाटी म्हणजे फ्लोट चेंबर. तिच्यात तरंगणारा फ्लोट पातळी चढली की सुई वर ढकलून पेट्रोलचे तोंड बंद करतो, जसा पाण्याच्या टाकीतला चेंडू नळ बंद करतो. अ‍ॅमलच्या जेटवरचा आकडा त्यातून मिनिटाला किती घनसेंटिमीटर पेट्रोल वाहते हे सांगतो, ही बाब वरवर किरकोळ वाटली तरी पुढील विवेचनात ती महत्त्वाची ठरेल.

दुसऱ्या महायुद्धासाठी आलेल्या बीएसए, नॉर्टन, मॅचलेस यांसारख्या लष्करी मोटरसायकली युद्धानंतर 'डिस्पोजल'च्या मालात विकल्या गेल्या, आणि स्वतंत्र फ्लोट चेंबर असलेले जुन्या घडणीचे अ‍ॅमल कार्बोरेटर त्यांच्याबरोबर भारतीय बाजारात पसरले. १९५५ साली मद्रास मोटर्स आणि रेडिचची रॉयल एनफिल्ड यांच्या भागीदारीतून एनफिल्ड इंडिया स्थापन झाली व तिरुवोट्टियूरच्या कारखान्यात ३५० सीसीची बुलेट आधी जोडली आणि मग बनवली जाऊ लागली. म्हैसूरच्या आयडियल जावा कंपनीने १९६१ पासून चेक बनावटीची जावा काढली, जिच्यावर चेस्के बुदेयोवित्सेचा जिकोव्ह कार्बोरेटर असे आणि जी १९७३ पासून येझदी या नावाने विकली गेली; एस्कॉर्ट्सची राजदूत पोलंडच्या एसएचएल गाडीवर बेतलेली होती. तिन्ही गाड्यांच्या मूळ देशांत पुढची मॉडेले आली, रेडिचचा कारखाना तर १९६७ साली बंदच पडला, परंतु परवाना पद्धती आणि आयातीवरील निर्बंध यांच्या आड भारतात त्यांचे उत्पादन चालू राहिले. इतके की १९७७ साली मद्रासची बुलेट उलट ब्रिटनला निर्यात होऊ लागली. याच निर्बंधांमुळे परदेशी सुटे भाग दुर्मीळ व महाग झाले, आणि इंग्रजी माहितीपुस्तिकेत जिथे 'भाग बदलावा' असे छापलेले असे तिथे भारतीय मिस्त्रीला तो भाग वाचवण्याची युक्ती शोधावी लागली. पुण्याची नाना पेठ आणि मुंबईतील कुर्ल्याचा सीएसटी रोड येथील सुट्या भागांच्या व भंगाराच्या दुकानांवर, तसेच पुण्याच्या जुन्या बाजारावर, या व्यवसायाची भिस्त होती.

या युक्त्यांपैकी फ्लोटची झाळणी पाहण्यासारखी आहे. जुन्या अ‍ॅमलचा फ्लोट पातळ पितळी पत्र्याच्या दोन वाट्या जोडून केलेला, आतून पोकळ असे. त्याला केसाएवढी चीर गेली की पेट्रोल आत झिरपते, फ्लोट जड होऊन बुडतो, सुई बंद होत नाही आणि कार्बोरेटर 'ओव्हरफ्लो' होऊन इंजिनावर पेट्रोल ठिबकू लागते. मिस्त्री फ्लोट कानाशी धरून हलवी. आत खळखळ ऐकू आली की निदान झाले. मग तो फ्लोट गरम पाण्यात बुडवला जाई, उष्णतेने आतली वाफ फुगून चिरेतून बुडबुडे येत आणि छिद्राची नेमकी जागा कळे, आणि त्याच उष्णतेने आतले पेट्रोलही बाहेर निघून जाई. पेट्रोलचा अंश आत राहिलेल्या फ्लोटला तापती कावी लावणे धोक्याचे असल्याने हा बाष्पीभवनाचा टप्पा चुकवण्याजोगा नव्हता. शेवटी कथलाचा थेंब, तोही शक्य तितका लहान, कारण कथलाचे वजन वाढले की फ्लोट आधीपेक्षा खोल तरंगतो, वाटीतली पातळी वर चढते आणि सगळे मिश्रण घट्ट, म्हणजे पेट्रोल जास्त असलेले, होते. म्हणून झाळून झाल्यावर जास्तीचे कथील कानशीने खरवडून काढणारा मिस्त्रीच खरा जाणकार समजला जाई.

दुसरा जुना आजार घसाऱ्याचा. १९५५ च्या सुमारास अ‍ॅमलने फ्लोट चेंबर व मुख्य अंग एकाच ओतकामात घेतलेला मोनोब्लॉक बाजारात आणला, परंतु त्याचे अंगही जस्ताच्या मिश्रधातूचेच होते, आणि स्लाइडही त्याच जातीच्या धातूची असल्याने एकावर एक घासून दोन्ही झिजत. झिजलेली स्लाइड 'वाजते', तिच्या कडेने जास्तीची हवा शिरते, आणि हवेचा स्क्रू कितीही फिरवला तरी गाडी स्लोवर स्थिर राहत नाही. यावर लेथवरच्या टर्नरकडून अंगाचे छिद्र सरळ मारून घेऊन स्लाइडवर पितळी स्लीव्ह चढवण्याची पद्धत रूढ झाली, ज्यात फट दोन-तीन 'थाऊ', म्हणजे इंचाचे दोन-तीन हजारांश, एवढीच ठेवावी लागे. इंजिनाला जोडणाऱ्या फ्लँजचे दोन नट जोराने आवळल्यामुळे अंगच वाकते, हा दोष बहुधा आधीच्याच एखाद्या मिस्त्रीच्या उत्साहातून आलेला असे. तो काढण्यासाठी सपाट काचेवर पॉलिश पेपर ठेवून त्यावर फ्लँज आठाच्या आकड्यात घासत आणि सर्व पृष्ठभागावर सारखी चमक आली की थांबत. काच नेहमी एखाद्या फुटलेल्या खिडकीची किंवा आरशाची असे, आणि तिच्याहून सपाट वस्तू त्या गॅरेजात दुसरी सापडली नसती.

नुसते साफ करणे हे त्या मानाने सोपे काम मानले जाई, म्हणूनच ते गॅरेजातल्या पोऱ्याकडे सोपवले जाई, आणि म्हणूनच त्यात सर्वाधिक नुकसानही झाले. 'कचरा आला' या दोन शब्दांत मिस्त्री ज्या आजाराचे वर्णन करतो त्यात टाकीतला गंज, वाळलेल्या पेट्रोलचा चिकट राळेसारखा थर आणि वाटीच्या तळाशी साचलेले पाणी हे सारे येते. पाणी पेट्रोलपेक्षा जड असल्याने ते नेमके तळाशी, जिथून पेट्रोल उचलले जाते तिथेच जमते. भाग पेट्रोलमध्ये भिजवून, ब्रशने घासून, प्रत्येक वाटेतून तोंडाने किंवा पुढे कॉम्प्रेसरच्या हवेने फुंकर मारणे ही योग्य रीत. परंतु जेट तुंबला की क्लच केबलची पोलादी तार त्यात घालून ढवळण्याचा मोह फारच थोड्यांना आवरला, आणि पितळ पोलादापेक्षा मऊ असल्याने छिद्र अदृश्यपणे रुंद होत गेले. अशा जेटवर कोरलेला घनसेंटिमीटरचा आकडा मग खोटा ठरतो. गाडी पेट्रोल जास्त पिते, प्लग काळा पडतो, आणि त्याचा दोष इंजिनाला दिला जातो. आज जुन्या गाडीचा कार्बोरेटर नव्याने बांधताना मूळ जेट कितीही स्वच्छ दिसला तरी बदलण्याचा आग्रह जाणकार धरतात तो यासाठीच.

१९७३ च्या तेलसंकटानंतर पेट्रोल महागले आणि गिऱ्हाईक शक्तीपेक्षा 'अ‍ॅव्हरेज' मागू लागले, तेव्हा दुरुस्तीच्या इतिहासाला एक विचित्र वळण मिळाले. मिस्त्री सुईला स्लाइडमध्ये अडकवणारी क्लिप एक खाच वर घेई, म्हणजे सुई खाली उतरे, आणि मुख्य जेटही एक नंबर लहान घाली. लिटरमागे काही किलोमीटर वाढत, परंतु पातळ मिश्रणामुळे इंजिन तापे. बुलेटसारखी चार-स्ट्रोक गाडी हे बऱ्याच अंशी सोसून घेई. जावा, येझदी आणि राजदूत या दोन-स्ट्रोक गाड्यांत मात्र वंगणाचे तेल पेट्रोलमध्येच मिसळलेले असल्याने पेट्रोल कमी केले की तेलही आपोआप कमी होई, आणि घाटात भर वेगात पिस्टन जाम होण्याचे प्रसंग येत. प्लग उघडून त्याच्या टोकाचा रंग पाहण्याची पद्धत, ज्यात काजळी म्हणजे घट्ट मिश्रण, पांढरट म्हणजे पातळ आणि बदामी म्हणजे बरोबर, याच काळात गिऱ्हाइकांच्याही ओळखीची झाली, आणि काटकसरीच्या या हट्टाला तीच काय ती वेसण होती.

१९८४-८५ च्या सुमारास जपानी सहकार्याने आलेल्या १०० सीसीच्या हलक्या गाड्यांनी चित्र पालटले. त्यांच्या कार्बोरेटरमागे मिकुनी आणि केइहिन या जपानी नावांची रचना होती, आणि बुलेटवरही अ‍ॅमलच्या जागी मिकुनीच्या रचनेचा, 'मिकार्ब' या नावाचा चेन्नईचा कार्बोरेटर बसू लागला. या बदलाकडे कारागिरीच्या इतिहासाने थोडे मिश्कीलपणे पाहायला हरकत नाही, कारण मिकुनीने १९६० साली आपल्या कार्बोरेटरसाठी परवाना घेतला होता तो अ‍ॅमलकडूनच. बर्मिंगहॅमची स्लाइड आणि सुई टोकियोमार्गे सुधारून मद्रासला परतली, एवढाच त्याचा अर्थ. मिस्त्रीला त्यामुळे नवे शिकावे लागले ते थोडेच. खरा खंड पडला तो धुराच्या मर्यादांमुळे. १९९१ पासून टप्प्याटप्प्याने कडक होत गेलेले नियम १ एप्रिल २०२० च्या भारत स्टेज सहापर्यंत आले, तेव्हा बहुतेक नव्या मोटरसायकलींवर कार्बोरेटरच्या जागी संगणकाच्या आज्ञेने पेट्रोल सोडणारे इंजेक्शन आले, आणि कार्बोरेटर खोलणे हे काम प्रथमच मुख्यतः जुन्या गाड्यांचे काम झाले.

लगेच पुढच्या वर्षी, जुलै २०२१ मध्ये, केंद्रीय मोटार वाहन नियमांत दुरुस्ती होऊन पन्नास वर्षांहून जुन्या आणि मूळ रूप राखलेल्या वाहनांना 'व्हिंटेज' म्हणून वेगळी नोंदणी व 'व्हीए' अक्षरांची नंबर प्लेट मिळू लागली. मूळ रूपाच्या या अटीने संग्राहकांचे लक्ष पुन्हा अ‍ॅमलकडे वळवले, आणि ज्या मिस्त्रींनी अ‍ॅमल काढून मिकार्ब बसवून देण्यात उमेदीची वर्षे घालवली, त्यांच्याकडेच आता अडगळीतला अ‍ॅमल परत बसवण्यासाठी गाड्या येऊ लागल्या.

त्याच काळात पेट्रोलचे रूपही बदलले. २००३ पासून काही राज्यांत, त्यांत महाराष्ट्रातही, पाच टक्के इथेनॉल मिसळण्यास सुरुवात झाली, २०२२ मध्ये देशभरात सरासरी दहा टक्क्यांचा टप्पा गाठला गेला आणि त्यानंतर वीस टक्क्यांचे मिश्रण पंपावर आले. या इथेनॉलचा काही वाटा पश्चिम महाराष्ट्रातील साखर कारखान्यांच्या आसवन्यांतून, उसाच्या मळीपासून व रसापासून येतो. इथेनॉल हवेतील ओलावा शोषते, आणि पाण्याचे प्रमाण एका मर्यादेपलीकडे गेले की पेट्रोलपासून वेगळे होऊन पाण्यासह तळाशी बसते. अ‍ॅमलच्या जस्ताच्या अंगाला हा ओला थर पांढऱ्या भुकटीच्या रूपाने खातो, आणि जुन्या रबरी नळ्या फुगून मऊ पडतात. त्यामुळे ज्या गाड्या वर्षातून दोन-तीनदाच बाहेर निघतात त्यांच्या मालकांना मिस्त्री आता एक साधी सवय लावतात : घराच्या अलीकडे एक-दोन किलोमीटरवर पेट्रोलचा कॉक बंद करावा, म्हणजे वाटीतले उरलेसुरले पेट्रोल जळून इंजिन फाटकाशी आपोआप बंद पडते आणि वाटी कोरडी राहते.