'नेसुन डोर्मा': ऑपेरातून लोकांच्या ओठी

आज पॉप गायकही हौसेने गातात ती 'नेसुन डोर्मा' ही आरिया, म्हणजे ऑपेरातलं एकल गाणं, जन्मली ती मृत्यूच्या छायेत. संगीतकार पुच्चिनी यांच्या निधनामुळे अपुरा राहिलेला 'तुरानदोत' हा ऑपेरा २५ एप्रिल १९२६ रोजी मिलानच्या ला स्कालामध्ये प्रथम सादर झाला. त्यात राजकन्येचा हुकूम सुटतो: परक्या राजपुत्राचं नाव पहाटेपर्यंत कळलं नाही, तर नगरात मुडदे पडतील. राजपुत्र विजयाच्या खात्रीने ही आरिया गातो. मागून बायकांचा कोरस आपल्या मरणाची भीती गातो. मूळ संहितेत शेवटचा उंच स्वर क्षणभरच लागतो आणि संगीत न थांबता पुढच्या प्रसंगात शिरतं. तो स्वर लांबवण्याची प्रथा गायकांनी पाडली. टाळ्यांसाठी थांबणारा शेवट मैफलींसाठी जोडला गेला.

१९७२ साली ऑपेरा गायक लुचियानो पाव्हारोत्ती यांनी 'तुरानदोत' ध्वनिमुद्रित केला. वाद्यवृंदाचे संचालक होते मुंबईत जन्मलेले झुबिन मेहता. १९९० साली इटलीत फुटबॉलचा विश्वचषक झाला, तेव्हा बीबीसीने पाव्हारोत्तींच्या आवाजातली हीच आरिया आपल्या प्रक्षेपणासाठी घेतली. अंतिम सामन्याच्या आदल्या दिवशी, ७ जुलैला, रोमच्या काराकाल्ला स्नानगृहांच्या अवशेषांत पाव्हारोत्ती, डोमिंगो आणि कारेरास हे तीन ऑपेरा गायक एकत्र गायले. संचालन पुन्हा मेहतांचंच. ऑपेरागृहाची पायरी न चढलेल्यांनाही आता ही चाल पाठ झाली. तिच्यातलं मरणाचं भय मात्र मागे पडलं, उरला तो विजय.

मग १९९८चा ग्रॅमी संगीत पुरस्कारांचा सोहळा. आजारी पाव्हारोत्तींच्या जागी ऐनवेळी सोल गायिका अरीथा फ्रँकलिन उभ्या राहिल्या आणि ही आरिया पाव्हारोत्तींच्याच पट्टीत गायल्या. चर्चमधल्या गॉस्पेलवर पोसलेल्या त्या गळ्याने स्वर आपल्या रीतीने वळवले, हरकती घेतल्या, शब्द आळवले. ऑपेरा गायकाला मायक्रोफोनविना वाद्यवृंदावरून आवाज पोचवायचा असतो, त्यासाठी वर्षानुवर्षांची तालीम लागते. ती कमाई अरीथांनी उसनी आणली नाही. स्वतःची गायकी घेऊनच त्या आरियेत शिरल्या.

पॉप गायकांनी आरिया गाव्यात का, या वादाचं उत्तर मला तिथे सापडतं. जरूर गाव्यात, पण ऑपेरा गायकाचा आवाज काढून नव्हे. नक्कल कानाला लगेच कळते. दुसऱ्या परंपरेत मुरलेला गळा आपल्या अटींवर येतो, तेव्हा आरियेचा वंश वाढतो.