धक्क्याचे मोजमाप

एस.टी. एकदम सुटली की उभा माणूस मागे झुकतो आणि ब्रेक लागला की पुढे कलंडतो. गाडी सरळ रस्त्याने एकसारख्या वेगाने धावत असेल, तर मात्र त्याला काही जाणवत नाही. म्हणजे अंगाला कळतो तो वेग नव्हे, वेगातला बदल. त्यालाच शास्त्रात त्वरण म्हणतात. शिक्षकांनी सहलीच्या वेळी दोऱ्याला खडू बांधून बसमध्ये टांगून पाहावा. ब्रेक जितका जोराचा, तितका खडू पुढे झुकेल. झाले त्वरणमापक तयार!

मोठ्या यंत्रांची मूळ युक्तीही हीच. एक वजन सैल धरायचे आणि ते किती हलले हे पाहायचे. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला, तेव्हा धरणात बसवलेल्या यंत्राने गुरुत्वीय त्वरणाच्या सुमारे ०.६३ पट हादरा नोंदला. पण अशी यंत्रे पेटीएवढी आणि महाग. ती गावोगाव कोण बसवणार?

मोटारींच्या कारखानदारांपुढेही हाच प्रश्न होता. टक्कर होताच हवेची पिशवी फुगली, तर माणूस वाचतो. पण टक्कर झाली हे सेकंदाच्या काही शतांश भागात ओळखायचे कसे? अमेरिकेत ॲलन ब्रीड यांनी १९६० च्या दशकात यावर काम सुरू केले. पुढे जे उपकरण रूढ झाले, त्यात नळीत एक पोलादी गोळी असे. टक्कर होताच ती पुढे सरके आणि विजेची जोडणी पुरी करी. पण गोळी फक्त ‘हो’ किंवा ‘नाही’ सांगे. धक्का किती, हे तिला सांगता येत नसे.

आता जुना रेडिओ आठवा. स्टेशन लावायची खुंटी फिरवली की आतली पत्र्यांची एक जुडी दुसरीत शिरे, पण पत्र्याला पत्रा शिवत नसे. तो गँग कंडेन्सर. समोरासमोरच्या पत्र्यांत विजेचा साठा किती राहील, हे ते किती भागात समोरासमोर आहेत आणि त्यांच्यात अंतर किती, यावर ठरते. अंतर घटले की साठा वाढतो. मग वजनालाच एक पत्रा केले तर? साठा मोजला की वजन किती हलले ते कळेल, आणि त्याला हातही लावावा लागणार नाही.

कल्पना सोपी, पण अडचण निराळीच होती. वजन बारीक केले की साठ्यातला फरकही बारीक होतो, आणि तारेतून नेता नेता हरवून जातो. त्यावर तोड निघाली ती अशी, की वजन आणि मोजणारे विद्युतमंडल सिलिकॉनच्या एकाच तुकड्यावर शेजारी शेजारी घडवायचे. १९९० च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेतील ॲनलॉग डिव्हायसेस कंपनीने असा ‘एडीएक्सएल-५०’ बनवला. एका ग्रॅमचे एक कोटी भाग करा, त्यातला एक भाग म्हणजे त्याचे हलणारे वजन! त्याला फणीसारखे दाते असून ते स्थिर दात्यांच्या मधे तरंगतात. मधली फट केसाच्या जाडीच्या पन्नासाव्या भागाच्या आसपास. वजन एका अणूच्या व्यासापेक्षा कमी सरकले, तरी सगळ्या दात्यांची मिळून बेरीज होते आणि फरक कळतो. असले तुकडे एकाच चकतीवर शेकड्यांनी घडतात, म्हणून ते स्वस्तही पडतात. भारतात १ जुलै २०१९ पासून नव्या मोटारीत चालकापुढे हवेची पिशवी सक्तीची झाली, आणि ती केव्हा फुगवायची हे ठरवायला असलेच संवेदक लागतात.

फोन आडवा केला की चित्रही आडवे होते, तेही याच फणीचे काम. आणि २०२३ सालापासून भारतातल्या अँड्रॉइड फोनवर भूकंपाचे इशारे मिळू लागले. एकटा फोन हादरला, तर तो टेबलावरून पडलाही असेल. पण एकाच मुलखातले पुष्कळ फोन एकदम हादरले, तर ती भूकंपाची खूण. केंद्राजवळच्या गावाला त्याचा उपयोग नाही, कारण तिथे इशाऱ्याआधीच धक्का पोचतो. दूरच्या गावाला मात्र काही सेकंद मिळतात. पाळण्यातले मूल उचलून अंगणात यायला कधी कधी तेवढेही पुरतात.