पियानोचा स्पर्श देणारा कीबोर्ड : खरेदीपूर्वी विचारात घ्यावयाच्या गोष्टी

आपल्या धर्मग्रामांतील अनेक मुले-मुली आज पाश्चात्त्य संगीताचे शिक्षण घेत आहेत. उद्याचे वादक त्यांच्यातूनच घडावयाचे आहेत. ‘घरी सरावासाठी कोणता कीबोर्ड घ्यावा?’ हा प्रश्न पालक आम्हांला वारंवार विचारतात. खरा पियानो बहुतेकांच्या आवाक्याबाहेर असतो. शिवाय किनारपट्टीच्या दमट, खाऱ्या हवेत त्यातील लाकूड, नमदा व तारा यांची निगा राखणे कष्टाचे असते व त्याचे सूर वरचेवर जुळवून घ्यावे लागतात. म्हणून पियानोसारखा स्पर्श असलेला डिजिटल पियानो, म्हणजे बाजारात ज्याला ‘वेटेड’ पट्ट्यांचा कीबोर्ड म्हणतात तो, हा मध्यममार्ग ठरतो. त्याची निवड डोळसपणे व्हावी, यासाठी हे टिपण.

पेटी, ऑर्गन आणि पियानो

आपल्या उपासनेत पेटी रुळलेली आहे. पेटीची पट्टी हलकेच दाबली काय किंवा जोराने दाबली काय, आवाज तेवढाच येतो. तो लहानमोठा होतो भात्याने. ऑर्गनचेही तसेच, बोटाच्या जोराचा आवाजाशी संबंध नाही. पियानोचे तसे नाही. इ. स. १७०० च्या सुमारास फ्लॉरेन्स येथे बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरी याने जे वाद्य तयार केले, त्यात पट्टी ही तरफ असते. ती दाबली की एक लहानशी हातोडी उसळून तारेवर आदळते व लगेच मागे येते. पट्टी जितक्या वेगाने खाली जाईल, तितका स्वर मोठा. हळुवारपणा आणि जोर दोन्ही बोटांतूनच यावे लागतात.

यामुळे पियानोच्या पट्टीला वजन असते. मधल्या सप्तकातील पट्टी खाली जाण्यासाठी साधारण ५० ग्रॅम भार लागतो. खर्जाकडे तो वाढतो, तारसप्तकाकडे कमी होतो. हलक्या पट्ट्यांवर दोन-तीन वर्षे सराव केलेले मूल परीक्षेच्या दिवशी प्रथमच पियानोसमोर बसते, तेव्हा त्याचे मृदू स्वर उमटतच नाहीत आणि जोराचे स्वर बोटांच्या ताब्यात राहत नाहीत. दोष मुलाचा नसतो, पण हिरमोड त्याचाच होतो. ट्रिनिटी कॉलेज लंडन या संस्थेच्या परीक्षांत पियानो व इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड हे दोन स्वतंत्र विषय आहेत. आपले पाल्य यांपैकी कोणता विषय शिकत आहे, हे आधी शिक्षकांकडून जाणून घ्यावे.

जाहिरातीतील शब्दांचा अर्थ

‘टच सेन्सिटिव्ह’ याचा अर्थ एवढाच की जोराने दाबल्यास आवाज वाढतो. पट्टीला वजन आहे, असा त्याचा अर्थ नव्हे.

‘सेमी-वेटेड’ पट्ट्यांत प्रतिकार मुख्यतः स्प्रिंगचा असतो. तो पियानोचा स्पर्श नव्हे.

‘हॅमर अ‍ॅक्शन’ म्हणजे पट्टीच्या हालचालीबरोबर आत एक वजनदार भाग हातोडीसारखा हलतो. आपल्याला हवे ते हेच.

‘ग्रेडेड’ किंवा ‘स्केल्ड’ म्हणजे खर्जातील पट्ट्या जड व वरच्या हलक्या, खऱ्या पियानोप्रमाणे.

‘८८ पट्ट्या’ हे शब्द पाहून अनेकांची फसगत होते. पियानोला ८८ पट्ट्या (५२ पांढऱ्या व ३६ काळ्या) असतात हे खरे. पण ८८ पट्ट्या असलेला प्रत्येक कीबोर्ड वजनदार पट्ट्यांचा नसतो. स्वस्त ८८ पट्ट्यांपैकी काही अगदी हलक्या असतात.

‘पॉलिफनी’ म्हणजे एकाच वेळी किती स्वर निनादत राहू शकतात ती संख्या. पेडल दाबून ठेवल्यावर ही संख्या झपाट्याने भरते. प्राथमिक इयत्तांसाठी ६४ पुरेशी आहे. पुढील इयत्तांसाठी त्याहून अधिक असल्यास उत्तम.

काही प्रचलित वाद्ये

प्राथमिक श्रेणीत चार नावे प्रामुख्याने घेतली जातात. यामाहा पी-१४५ (२०२३) हे जुन्या पी-४५ ची जागा घेणारे वाद्य असून त्याची पॉलिफनी ६४ व वजन सुमारे ११ किलो आहे. रोलँड एफपी-१० (२०१९) याची पॉलिफनी ९६ असून पियानोची पट्टी सावकाश दाबताना मध्येच जो सूक्ष्म अडथळा जाणवतो, त्याचाही भास त्यात करून दिला आहे. स्पर्शाला प्राधान्य देणाऱ्यांनी हे वाद्य अवश्य वाजवून पाहावे. कॉर्ग बी२ ची पॉलिफनी १२० आहे. कॅसिओ सीडीपी-एस११० हे वजनाने हलके असून साध्या पेन्सिल सेलवरही चालते. वारंवार वीज जाणाऱ्या गावांत हा गुण लहान नाही.

एक पायरी वर गेल्यास रोलँड एफपी-३०एक्स व कॅसिओ पीएक्स-एस११०० ही वाद्ये येतात. या दोन्हींना बाहेरील ध्वनिवर्धकासाठी स्वतंत्र जोडणी आहे. पी-१४५ व एफपी-१० यांत ती नाही. हेडफोनच्या खाचेतूनच काम भागवावे लागते. वाद्य सभागृहात वापरावयाचे असल्यास हा फरक महत्त्वाचा ठरतो. किमती दुकानागणिक बदलतात. दोन-तीन ठिकाणी चौकशी करावी आणि दुरुस्तीची सोय जवळपास आहे का, हेही विचारावे.

दुकानात पारख कशी करावी?

शक्यतो शिक्षकांना बरोबर न्यावे. प्रथम आवाज पूर्ण बंद करून वाजवावे. चांगला आवाज वाईट स्पर्श झाकतो. एकच पट्टी अगदी सावकाश व हळू दाबून मृदू स्वर निघतो का ते पाहावे. तीच पट्टी भरभर वाजवून एखादा स्वर गळतो का ते तपासावे. काळ्या पट्ट्यांच्या मधल्या चिंचोळ्या जागेत, आतल्या बाजूस बोट ठेवून पांढरी पट्टी दाबावी. तेथे ती फारच जड लागत असेल, तर पुढील अभ्यासक्रमात त्रास होतो. जुने वाद्य घेताना सर्व ८८ पट्ट्या एकसारख्या जोराने वाजवून पाहाव्यात. एखादी अचानक मोठ्याने वाजत असल्यास आतील संपर्क झिजलेले किंवा मळलेले समजावेत.

डगमगणारा स्टँड व सरकणारे छोटे पेडल यांमुळे चांगले वाद्यही निरुपयोगी ठरते. भक्कम स्टँड, योग्य उंचीचे आसन व खऱ्या पियानोसारखे पेडल यांसाठी काही रक्कम आधीच बाजूला ठेवावी. वाद्याची लांबी सुमारे १३० सेंटिमीटर असते. घरातील जागा मोजून घ्यावी. पावसाळ्यात ते भिंतीच्या ओलीपासून दूर व झाकून ठेवावे.

चर्चसाठी वेगळा विचार

येथे आमची एक चूक सांगणे योग्य होईल. एका धर्मग्रामात भाविकांच्या देणगीतून गायकवृंदासाठी वाद्य घ्यावयाचे होते. ‘पियानोसारखा स्पर्श असलेलेच घ्या’ असा सल्ला आम्ही दिला. वाद्य उत्तम होते. परंतु तेथील वयोवृद्ध वादक आयुष्यभर पेटी व ऑर्गन वाजवीत आलेले. जड पट्ट्यांवर रविवारच्या मिस्सा वाजविताना त्यांची बोटे दुखू लागली. त्यांनी तक्रार केली नाही. ते फक्त हळूहळू मागच्या बाकावर बसू लागले. हे आमच्या ध्यानी आले, तोवर काही महिने लोटले होते. पुढे ते वाद्य मुलांच्या सरावासाठी सभागृहात ठेवण्यात आले व चर्चमध्ये हलक्या पट्ट्यांचा कीबोर्ड आला. वादकही परतले.

उपासनेत कीबोर्ड बहुधा ऑर्गनच्या स्वरात वाजतो. त्यासाठी वजनदार पट्ट्यांची गरज नसते. भक्तिगीतांना ६१ पट्ट्याही पुरतात. पोप दहावे पायस यांनी १९०३ साली पवित्र संगीताविषयी काढलेल्या पत्रकात चर्चमध्ये पियानो वाजविण्यास मनाई केली होती, हे अनेकांना ठाऊक नसते. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली उपासनेविषयीच्या संविधानात पाइप ऑर्गनचा गौरव कायम ठेवला आणि उपासनेला साजेशी इतर वाद्येही अधिकाऱ्यांच्या संमतीने स्वीकारता येतील, असे म्हटले. म्हणजे प्रश्न वाद्याच्या प्रतिष्ठेचा नाही. ते लोकांच्या प्रार्थनेला साहाय्य करते की नाही, याचा आहे.

सारांश, पियानो शिकणाऱ्या मुलासाठी हॅमर अ‍ॅक्शनच्या ८८ पट्ट्या घ्याव्यात व खर्च करावयाचा तो स्पर्शावर करावा; शेकडो आवाज व तयार ताल यांच्या मोहात पडू नये. चर्चसाठी वाद्य घेताना मात्र ते प्रत्यक्ष वाजविणाऱ्याला आधी विचारावे. देणगी देणारे हात आणि वाद्य वाजविणारे हात, दोहोंचाही मान त्यातच राखला जातो.