सॅनिबेल : वाळूचें बेट आणि माणसाचा निर्बंध

फ्लोरिडाच्या नैर्ऋत्य किनाऱ्यासमोर, मेक्सिकोच्या आखातांत, सॅनिबेल नांवाचें सुमारें १२ मैल लांबीचें बेट आहे. लाटांनीं वाळू लोटून मुख्य भूमीपुढें जे बांध घातले, त्यांपैकींच हें एक होय. शेजारचीं बेटें बहुधा उत्तर-दक्षिण पसरलेलीं. सॅनिबेल मात्र कमानीप्रमाणें पूर्वेकडे वळलेलें आहे. त्यामुळें आखाताच्या प्रवाहांबरोबर आलेले शंखशिंपले त्याच्या पुळणीवर विपुल सांपडतात. पलीकडच्या अंगास तिवरांचें दाट अरण्य असून त्यांत चमच्यासारख्या चोचीचे गुलाबी पक्षी वावरतात. येणाऱ्या प्रवाशाला हें सारें केवळ निसर्गाचें देणें वाटतें. परंतु तें आजवर टिकलें, त्याचें श्रेय माणसाच्या कांहीं निर्णयांनाही आहे.

पूर्वीं या भागांत कलूसा लोकांची वस्ती होती. १८८४ सालीं बेटाच्या पूर्व टोंकास लोखंडी दीपगृह उभें राहिलें. तथापि त्यानंतरही दीर्घकाळ बहुतेकांना नौकेचाच आधार होता. दोन वेळां पुलित्झर पारितोषिक मिळविणारे व्यंगचित्रकार जे. एन. डार्लिंग हे शेजारच्या कॅप्टिव्हा बेटावर हिवाळ्यांत राहत. तिवरांची ही जमीन विकली जाऊं नये म्हणून त्यांनीं खटपट केली, आणि १९४५ सालीं तेथें अभयारण्य स्थापन झालें. १९६७ सालीं त्यास डार्लिंग यांचेंच नांव देण्यांत आलें.

१९६३ सालीं पूल व भराव यांचा रस्ता बेटापर्यंत पोंचला आणि त्यामागोमाग इमारतींची लाट आली. तेव्हां रहिवाशांनीं १९७४ सालीं मतदान करून स्वतःची नगरपालिका स्थापिली. १९७६ च्या नगररचनेंत, जमीन किती वस्ती पेलूं शकेल आणि वादळांत किती माणसें वेळेवर बाहेर पडूं शकतील, हे प्रश्न आधीं विचारण्यांत आले व त्यांवरून घरांची मर्यादा ठरली. १९९५ पासून तर जिवंत प्राणी असलेला शंख उचलण्यासही मनाई झाली.

२८ सप्टेंबर २०२२ रोजीं 'इयन' चक्रीवादळानें तो रस्ता अनेक ठिकाणीं तोडला. दीपगृहाचा एक पाय वाहून गेला, पण तें उभें राहिलें. सुमारें तीन आठवड्यांत तात्पुरती दुरुस्ती होऊन वाहतूक पुनः सुरू झाली. निर्बंधांनीं वादळ थांबत नाहीं, हें खरें. परंतु त्याच्या वाटेंत किती घरें उभीं असावींत, हें ठरविणें माणसाच्या हातीं असतें.